विश्लेषण : पिल्लाला घर मिळते, दांडग्या वयातल्या कुत्र्याला का नाही? दत्तक देता-घेताना काय पाहावे?

‘वय दहा महिने. लसीकरण व निर्बीजीकरण पूर्ण. अतिशय प्रेमळ, खूप उत्साही. चांगले घर हवे आहे.’ अशा आशयाचे संदेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सतत फिरत असतात. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी लगेच विचारणा होते. वर्षाच्या आगेमागे असलेल्या, अंगात रग असलेल्या कुत्र्याला मात्र आठवडेच्या आठवडे घर मिळत नाही. मिळाले तरी अनेकदा पंधरा-वीस दिवसांत ‘आम्हाला झेपत नाही’ असे सांगून त्याला परत आणले जाते. यात कुत्र्याचा दोष नसतो आणि बहुतेक वेळा माणसांचा हेतूही वाईट नसतो. चुकलेली असते ती जोडी. ही जोडी जुळवताना काय पाहावे, कायदा काय सांगतो आणि पहिले तीन महिने कसे काढावेत, याविषयी...

वाचवलेल्या कुत्र्याला घराचीच गरज का?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते; त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. या सगळ्यांना घरे मिळणे शक्य नाही आणि नियमांचीही तशी अपेक्षा नाही. ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ नुसार भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण करून त्याला जिथून पकडले त्याच भागात सोडायचे असते. पण काही कुत्र्यांना परत सोडण्याची सोयच उरलेली नसते. अपघातानंतर चार-सहा महिने उपचार घेत संस्थेतच मोठे झालेले पिल्लू, एक पाय गमावलेला कुत्रा, आई गेल्यामुळे बाटलीच्या दुधावर वाढवलेले पिल्लू यांना रस्त्यावरची वाहने कशी चुकवायची, दुसऱ्या टोळीची हद्द कुठे सुरू होते, खाणे कुठे शोधायचे हे ठाऊकच नसते.

यात भर पडते ती हौसेने विकत घेऊन नंतर सोडून दिलेल्या हस्की, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्यांची. शिकारी, धावऱ्या वंशाचे कारवानी किंवा मुधोळ हाऊंडही अधूनमधून शहरांत बेवारस सापडतात. मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडलेले हे कुत्रे इमारतीच्या बाल्कनीत बांधले गेले, की काही दिवसांतच ‘त्रासदायक’ ठरतात.

रस्त्यावर तगणे किती अवघड असते हे कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील संशोधकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला असता सातव्या महिन्यापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगली आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. दहा महिन्यांचा धडधाकट, उड्या मारणारा कुत्रा हा या चाळणीतून वाचलेला असतो. नेमक्या त्याच वयात त्याला घर मिळणे अवघड होते.

हेच वय अवघड का?

कुत्र्याचे बाळपण साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपते आणि दीड-दोन वर्षांपर्यंत त्याची किशोरावस्था चालते. शरीर मोठ्या कुत्र्याएवढे, ताकदही तेवढीच. पण स्वतःला आवरण्याची क्षमता अजून कच्ची. पिल्लाने हाताला दात लावले तर कौतुक होते, १८ किलोच्या कुत्र्याने तेच केले तर घरातले घाबरतात. वागणे तेच असते, बदललेला असतो तो आकार.

ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याला दुजोरा मिळाला. पाच महिन्यांचे असताना सांगितलेले ऐकणारे कुत्रे आठव्या महिन्यात आपल्याच पालकाचे ‘बस’ हे सांगणे अधिक वेळा दुर्लक्षित करत; अनोळखी माणसाचे मात्र ऐकत. घरात वयात येणारी मुले असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. महत्त्वाची बाब म्हणजे ही अवस्था तात्पुरती असते. वर्षभराच्या सुमारास हे कुत्रे पुन्हा ऐकू लागल्याचे त्याच अभ्यासात आढळले. मात्र जगभरात कुत्रे सोडून देण्याचे प्रमाण याच काळात अधिक दिसते. म्हणजे माणसे नेमक्या त्या टप्प्यावर हात टेकतात, ज्याच्यापलीकडे थोड्याच अंतरावर शहाणा कुत्रा उभा असतो.

‘उत्साही’ या शब्दात काय काय दडलेले असते?

दत्तकासाठीच्या संदेशांत ‘उत्साही’ हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात त्यामागे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली, खरीखुरी शारीरिक ऊर्जा. असा कुत्रा भरपूर फिरवून आणला, की घरी येऊन पाणी पितो आणि निवांत झोपतो. दुसरी, कंटाळा आणि शिकवणीचा अभाव. संस्थेच्या पिंजऱ्यात दिवसातले २० तास काढणारा कुत्रा दार उघडताच वेडापिसा होतो, अंगावर उड्या मारतो, पट्टा तोंडात धरून ओढतो. त्याला माणसाशी कसे वागायचे हे कुणी शिकवलेलेच नसते. शिकवले तर तो पटकन शिकतो. तिसरी, भीती. सतत येरझाऱ्या, धापा टाकणे, एका जागी न बसणे, प्रत्येक आवाजाला दचकणे हे वरवर उत्साहासारखे दिसते. पण तो ताण असतो. अशा कुत्र्याला आणखी पळवून उपयोग नसतो. त्याला शांत घर, ठरलेला दिनक्रम आणि वेळ लागतो.

यातला फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे कुत्र्याला एकदाच, पिंजऱ्यासमोर उभे राहून पाहू नये. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी जावे, त्याला पट्ट्यावर अर्धा तास फिरवावे आणि फिरून आल्यावर पुढची वीस मिनिटे तो काय करतो ते पाहावे. फिरून आल्यावरही तो स्थिरावत नसेल, तर प्रश्न केवळ ऊर्जेचा नाही.

मोठे घर म्हणजे योग्य घर?

हा सर्वांत मोठा गैरसमज. बंगला, अंगण, गच्ची असली म्हणजे कुत्र्याचा व्यायाम आपोआप होतो असे नाही. अंगणात एकटा सोडलेला तरुण कुत्रा थोडा वेळ फिरतो, मग फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो किंवा कुंड्या उकरतो. उलट वन-बीएचकेमधल्या ज्या घरात सकाळ-संध्याकाळ न चुकता कुणीतरी त्याला बाहेर नेते, तिथे असा कुत्रा सुखाने राहतो. चौरस फुटांपेक्षा तास महत्त्वाचे. तरुण, तंदुरुस्त, मध्यम आकाराच्या कुत्र्याला दिवसातून दोन-तीन फेऱ्यांमध्ये मिळून साधारण एक ते दोन तास लागतात. हा वेळ घरातले कोण देणार, हे नावानिशी ठरलेले असावे. ‘आम्ही सगळे मिळून बघू’ याचा अर्थ बहुतेकदा ‘आई बघेल’ असा निघतो.

दुसरा गैरसमज ‘शेतावर मोकळा राहील’ हा. शहरात न जमलेल्या कुत्र्याला फार्म हाऊसवर किंवा गावाकडच्या शेतावर पाठवणे हा अनेकांना चांगला शेवट वाटतो. राखणीसाठी साखळीला बांधलेला किंवा आठवड्यातून एकदाच मालक येणाऱ्या जागी सोडलेला कुत्रा मोकळा नसतो, एकटा असतो. शिवाय जुन्नर, संगमनेर, अकोले, निफाड अशा भागांत बिबट्याचा वावर आहे. अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला होता. रात्री घरात घेणार असाल तरच शेतावरचे घर हे घर ठरते.

कुणाच्या घरी कोणता कुत्रा शोभतो?

रोज पहाटे टेकडीवर जाणारे, धावणारे, डोंगर चढणारे तरुण जोडपे आणि ऊर्जावान कुत्रा ही जोडी उत्तम; मात्र दोघेही दहा-अकरा तास घराबाहेर राहणार असतील तर दुपारी कुणीतरी येऊन कुत्र्याला फिरवण्याची सोय आधी हवी. कुत्र्याची हाडे पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत, त्याला कडक रस्त्यावर लांब पल्ल्याचे धावायला लावू नये. चालणे आणि मातीवर खेळणे पुरेसे असते.

घरात पाच-सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर अंगावर झेपावणारा कुत्रा टाळणे शहाणपणाचे. तो प्रेमानेच उडी मारतो, पण मूल पडते आणि मग घरातल्यांचा धीर सुटतो. आठ-दहा वर्षांपुढची मुले मात्र अशा कुत्र्याला शिकवण्यात चांगली सोबत करतात. मुले आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, हा नियम दोन्ही बाबतीत सारखाच. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सोबतीसाठी कुत्रा हवा असेल, तर पाच-सहा वर्षांचा निवांत कुत्रा योग्य. पट्टा ओढणाऱ्या दांडग्या कुत्र्यामुळे पडून हाड मोडण्याची भीती खरी आहे. घरी आधीच कुत्रा असेल तर दोघांची भेट घरात नव्हे, बाहेर मोकळ्या जागी, समांतर चालत घडवावी. वयस्क, दुखणाईत कुत्र्याच्या गळ्यात तरुण खेळगडी मारणे हा त्याच्यावर अन्याय असतो. मांजर असेल आणि कुत्रा धावऱ्या शिकारी वंशाचा असेल, तर विशेष सावध राहावे.

संस्था इतके प्रश्न का विचारतात?

मुंबईतील ‘वर्ल्ड फॉर ऑल’, पुण्यातील ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ यांसारख्या संस्था आणि शहरोशहरी वैयक्तिक पातळीवर काम करणारे कार्यकर्ते दत्तक देण्यापूर्वी चौकशी करतात, तेव्हा काहींना ती अपमानास्पद वाटते. फुकट कुत्रा देताना एवढा तोरा कशाला, असाही सूर असतो. पण प्रत्येक चुकीच्या निवडीची किंमत कुत्रा मोजतो. दोनदा परत आलेल्या कुत्र्याला तिसरे घर मिळणे फार कठीण होते. कारण मधल्या काळात तो मोठा झालेला असतो, माणसांवरचा त्याचा विश्वास कमी झालेला असतो आणि त्याच्या नावापुढे ‘परत आलेला’ असा शिक्का बसलेला असतो.

म्हणून सर्वसाधारणपणे पुढील टप्पे पाळले जातात : अर्ज, फोनवर बोलणे, प्रत्यक्ष भेट, घरभेट, काही दिवसांचा चाचणी काळ, लेखी करार आणि नंतर काही महिने विचारपूस. घरभेटीत फर्निचर पाहायचे नसते. बाल्कनीच्या ग्रिलमधून कुत्रा निसटेल का, खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या प्रत्येकाची संमती आहे का, भाड्याचे घर असेल तर मालकाला माहीत आहे का, हे पाहायचे असते. भारतीय पशुकल्याण मंडळानेही २०२२ मध्ये सार्वजनिक जागेतील प्राणी दत्तक देण्यासाठी मानक कार्यपद्धती जारी केली आहे.

दत्तक घेणाऱ्यांनीही उलटे प्रश्न विचारायला हवेत. रेबीज आणि इतर लसी कधी दिल्या? निर्बीजीकरण झाले आहे का? गोचिडीचा ताप होऊन गेला आहे का, रक्ततपासणी केली आहे का? तो किती वेळ एकटा राहू शकतो? खाताना कुणी जवळ गेले तर गुरगुरतो का? लहान मुले, मांजर, दुचाकी, फटाके यांना कसा प्रतिसाद देतो? याआधी परत आला असेल, तर का? या प्रश्नांची उत्तरे टाळली जात असतील, तर थोडे थांबलेले बरे.

संदेशात दोष लिहिले तर घर मिळेल का?

‘प्रेमळ, गोड, सगळ्यांशी जमते’ असे लिहून पन्नास फोन येतात. पण त्यांतल्या एकाही माणसाला कुत्र्याबद्दल खरी माहिती मिळालेली नसते. याउलट ‘पट्ट्यावर ओढतो, शिकवणे सुरू आहे, तीन तासांपेक्षा जास्त एकटा राहिल्यास चपला चावतो, माणसांशी उत्तम, नर कुत्र्यांशी जमत नाही, रोज दोनदा फिरवणारे घर हवे’ असे लिहिले तर फोन पाचच येतील. त्यातला एक टिकण्याची शक्यता मात्र कितीतरी जास्त. छायाचित्रापेक्षा अर्ध्या मिनिटाची तीन चित्रफिती अधिक बोलक्या : फिरताना, खेळताना आणि घरात झोपलेला असताना. तिसरी सर्वांत महत्त्वाची. धावणारा कुत्रा सगळ्यांना आवडतो. हाच कुत्रा शांतही बसू शकतो, हे पाहिल्यावर घरातल्या साशंक माणसाचा होकार मिळतो.

यासाठी तात्पुरते पालकत्व, म्हणजेच ‘फॉस्टर’, उपयोगी पडते. पिंजऱ्यातला कुत्रा घरात कसा वागेल हे पिंजऱ्यात पाहून कळत नाही. दोन-चार आठवडे एखाद्या घरात राहिला, की त्याच्या सवयी कळतात, शी-शूची शिस्त लागते आणि कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल यांची ओळख होते.

सोसायटी मनाई करू शकते का? कायदा काय सांगतो?

भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्रे ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. केवळ भुंकण्याच्या कारणावरूनही अशी बंदी घालता येत नाही. मात्र पाळणाऱ्यावरही जबाबदारी आहे : सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यावर ठेवणे, विष्ठा उचलणे, लसीकरण अद्ययावत ठेवणे. भाडेकरूंनी करारातील अटी आधी वाचाव्यात आणि घरमालकाची संमती लेखी घ्यावी. अनेक कुत्रे घर बदलण्याच्या वेळीच बेघर होतात. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांमध्ये पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते.

पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता निर्माण झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूने, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ हे कुत्र्याच्या बाजूने उभे राहते. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा त्या कलमानुसार गुन्हा आहे. म्हणजे फिरवून आणणे ही केवळ हौस नाही, मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात इच्छुक प्राणिप्रेमींना भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्याच वेळी दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची असेल हेही स्पष्ट केले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्रे हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचे आणि तिथे परत न सोडण्याचे निर्देश दिले गेले. निवाऱ्यांवरचा भार वाढणार असेल, तर नीट जुळवून दिलेल्या आणि टिकणाऱ्या दत्तकाचे महत्त्वही वाढते.

पहिले तीन महिने कसे काढावेत?

प्राणिसेवकांमध्ये ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा वापरला जातो. पहिले तीन दिवस कुत्रा गांगरलेला असतो. खात नाही, कोपऱ्यात बसतो किंवा उलट घरभर नाचतो. तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक कळते आणि त्याचे खरे रंग दिसू लागतात. तीन महिन्यांत तो घरचा होतो. परत आणण्याचा निर्णय बहुतेक जण दुसऱ्या टप्प्यावर घेतात, कारण ‘सुरुवातीला किती शांत होता’ असे त्यांना वाटते. तो शांत नव्हता, बावरलेला होता.

सुरुवातीचा सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा. नव्या घराचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. म्हणून पहिले काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घालून फिरवावे, गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा, मुख्य दार उघडण्यापूर्वी आतले दार बंद असावे. गणेशोत्सवातील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांच्या तोंडावर नवा कुत्रा घरी आणू नये. आठ-दहा दिवस पुढे ढकलणे सोपे असते, रात्री हरवलेला कुत्रा शोधणे अवघड.

पहिल्याच रविवारी सगळ्या नातेवाइकांना बोलावून त्याची ओळखपरेड करू नये. एक कोपरा, एक चटई, पाण्याचे एक भांडे त्याचे असावे आणि तिथे तो बसला असताना कुणी जाऊ नये. एकटे राहण्याची सवय पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवावी. रजा घेऊन सात दिवस चोवीस तास सोबत राहायचे आणि आठव्या दिवशी थेट नऊ तास कुलूप लावायचे, ही चूक सर्रास होते.

मारणे, ओरडणे, तोंड घासणे याने काहीही साधत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरण्याची शिफारस केली आहे. बक्षीस खाऊचेच हवे असेही नाही. ‘आयसर’ कोलकात्याच्या २०१७ च्या प्रयोगात रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास खाऊपेक्षा पाठीवर फिरलेल्या हाताने अधिक वाढल्याचे दिसले होते.

ऊर्जा कुठे वळवायची?

फक्त पळवत राहिले तर कुत्र्याचा दम वाढतो आणि त्याला दमवायला रोज आणखी पळवावे लागते. त्यामुळे पायांइतकेच नाकाला काम द्यावे. फिरताना त्याला घाई न करता हुंगू द्यावे. झाडाच्या बुंध्याशी घालवलेली दोन मिनिटे ही त्याची वर्तमानपत्र वाचण्याची वेळ असते. घरात जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे लपवणे, जेवणाचा काही भाग खोलीभर विखरून शोधायला लावणे, पुठ्ठ्याचे खोके फाडू देणे यांतून दहा-पंधरा मिनिटांत तो चांगला थकतो. पाऊस कोसळत असताना हाच आधार. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवले, तरी महिनाभरात फरक दिसतो. आणि झोप हवीच. मोठा कुत्रा दिवसातले साधारण १२ ते १४ तास झोपतो. न झोपलेला तरुण कुत्रा न झोपलेल्या मुलासारखाच किरकिरा आणि अंगावर येणारा होतो.

विदर्भ, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. रस्त्यावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने साचलेल्या पाण्यातून नेऊ नये आणि त्याच्या लसीबद्दल पशुवैद्यकाला विचारावे. घरचे जेवण देताना कांदा-लसूण असलेली आमटी, कांदेपोहे, मनुका, द्राक्षे, चॉकलेट कटाक्षाने टाळावे. हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात.

नाहीच जमले तर?

सगळे करूनही काही वेळा जोडी जमत नाही. अशा वेळी ज्यांच्याकडून कुत्रा घेतला त्यांना वेळेत आणि खरे सांगणे हाच सरळ मार्ग. दत्तक करारात तशी अटही असते. परस्पर दुसऱ्याला देणे, ऑनलाइन जाहिरात करणे किंवा दूरच्या रस्त्यावर सोडून येणे हे पर्याय नाहीत. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड मात्र आजही १० ते ५० रुपये एवढाच आहे. कायद्याचा धाक इतका तोकडा असल्यानेच दत्तक देणाऱ्यांची चौकशी, घरभेट आणि करार यांना प्रत्यक्षात कायद्यापेक्षा जास्त काम करावे लागते.

परत करतानाही कुत्र्याचा फायदा होईल असे बरेच करता येते. तो कशाला घाबरतो, काय खातो, किती वेळ एकटा राहिला, कोणती आज्ञा शिकला, कुणाशी जमले नाही, हे लिहून दिले तर पुढची निवड अधिक नेमकी होते. नवे घर मिळेपर्यंत त्याला सांभाळण्याची तयारी दाखवली तर आणखी उत्तम. मधला मुक्काम पिंजऱ्यात घालवण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. आणि ज्यांना पुढची १२-१४ वर्षे बांधून घेणे आज शक्य नाही, पण कुत्र्यासाठी काही करावेसे वाटते, त्यांच्यासाठी महिनाभराचे तात्पुरते पालकत्व किंवा जवळच्या संस्थेत रविवारी सकाळी जाऊन दोन कुत्रे फिरवून आणणे हे मार्ग खुले आहेत. रोज चालवला जाणारा, माणसांची सवय झालेला कुत्रा दत्तकासाठी आलेल्या कुटुंबासमोर शांत उभा राहतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच त्याची निवड होते.